आजोबांच्या ट्रंकेतील दारूगोळा

दिवाळीपूर्वी घरातील माळे झाडून काढण्याचा प्रघात आपल्याकडे अजून टिकून आहे. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून अशा वेळी एखाद्या घरी झाकणावर नाव नि क्रमांक रंगविलेली जुनी लोखंडी ट्रंक खाली उतरते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने या भागातील अनेक घरांचा पलटणीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात या पलटणी इटलीत लढल्या. यशवंत घाडगे यांना १९४४ मधील आणि नामदेव जाधव यांना १९४५ मधील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्याच रणभूमीवर. या ट्रंका म्हणजे आमच्या सीमाभागाचा अभिमानाचा ठेवा होय. परंतु त्यांच्या तळाशी कधी कधी अभिमानाखेरीज आणखीही काही दडलेले असते.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी अशी ट्रंक उघडली गेली. पदके, इटलीतील एक पुसट छायाचित्र आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेली, सीताफळासारख्या खवल्यांची एक लोखंडी वस्तू त्यातून निघाली. आजोबांची आठवण म्हणून ती घरात राहिली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून पुढे तिचा अडसर झाला. घरातील नातू तिच्याशी खेळे. एके दिवशी शेजारचे निवृत्त हवालदार सहज आले, दाराशी थबकले आणि आवाज न चढविता म्हणाले, “वहिनी, ती वस्तू आहे तिथेच राहू द्या. मुलांना घेऊन आधी अंगणाबाहेर चला.” तो हातबॉम्ब होता, आणि जिवंत होता. बॉम्बनाशक पथकाने गावाबाहेरच्या खाणीत नेऊन तो नष्ट केला, तेव्हाचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला. त्या माउलीने नातवाला पोटाशी घट्ट धरले, ते रात्रीपर्यंत सोडले नाही.

“इतकी वर्षे झाली, आता त्यात काय उरले असणार?” हा आपला स्वाभाविक समज. अनर्थाचे मूळ याच समजात आहे. धान्याला कीड लागते, औषधाचा गुण उतरतो. पण तोफगोळ्यांत भरलेली टीएनटीसारखी स्फोटके अनेक दशके आपली शक्ती राखून असतात. बिघडते ते त्यांना आवरून धरणारे साहित्य. पत्रा गंजतो, खिळ नि तार झिजते. जुन्या काळी वापरात असलेले पिक्रिक ॲसिड धातूच्या सान्निध्यात अधिकच नाजूक क्षार तयार करते. ते घर्षणानेही पेट घेऊ शकतात. म्हणजे काळ लोटतो तशी वस्तू निरुपद्रवी होत नाही, उलट अधिक लहरी होते. शिवाय गंजामुळे तिच्यावरील रंग व खुणा पुसल्या जातात. ती भरलेली की रिकामी, सरावाची की खरी, हे नुसत्या नजरेने जाणत्यालाही सांगता येत नाही.

याची साक्ष युरोपातील देश आजही देत आहेत. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. तरी बेल्जियम व फ्रान्समधील शेतकऱ्यांच्या नांगराला आजही दरवर्षी तोफगोळे लागतात. या पिकाला तिकडे ‘लोखंडी सुगी’ असे नावच पडले आहे. २०१४ साली बेल्जियममधील ईप्र गावाजवळ असाच एक गोळा फुटून बांधकामावरील दोन मजूर दगावले. जर्मनीतील ऑग्सबुर्ग शहरात २०१६ च्या नाताळच्या दिवशी एक ब्रिटिश बॉम्ब निकामी करण्यासाठी सुमारे ५४,००० लोकांना घरे सोडावी लागली. ग्योटिंगेन येथे २०१० साली तर निकामी करण्याची तयारी चालू असतानाच बॉम्ब फुटला आणि तीन तज्ज्ञ मृत्युमुखी पडले. आयुष्यभर हेच काम केलेल्यांची ही गत, तर आपली काय कथा?

बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील प्रकार तर अधिकच फसवा आहे. तेथे वाळूत अंबर नावाचा पिवळसर, मौल्यवान खडा सापडतो. युद्धातील आगलाव्या बॉम्बमधील फॉस्फरसाचे तुकडेही लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात नि हुबेहूब तसेच दिसतात. हौशी माणूस तो ओला खडा खिशात टाकतो. खडा सुकतो, अंगाच्या उबेने पेट घेतो आणि कातडी जाळीत जातो.

आपल्या देशातील धोका बहुधा भंगाराच्या वाटेने येतो. लष्कराच्या गोळीबार मैदानांजवळील गरीब वस्त्यांतील माणसे पितळ नि तांब्याच्या आशेने गोळ्यांचे तुकडे वेचतात. त्यातला न फुटलेला गोळा हातोड्याखाली गेला की सारा संसार उद्ध्वस्त होतो. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील गोळा फुटून दहा कामगार प्राणास मुकले. कोणाच्या युद्धातील गोळा आणि कोणाच्या घरचा दिवा विझला!

मग करावे काय? विहीर खणताना, नांगरताना वा ट्रंक उपसताना संशयास्पद वस्तू दिसली, तर तिला हात लावू नये, हलवू नये, पाण्यात टाकू नये, पुन्हा पुरूही नये. ती उचलून पोलीस ठाण्यात नेण्याचे धाडस तर मुळीच करू नये. जागा लांबून लक्षात ठेवावी, मुलांना व गुरांना दूर न्यावे, शेजाऱ्यांना सावध करावे आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. पुढचे काम पथकाचे.

ट्रंकेत बंदूक वा पिस्तूल निघाले, तर तेही हाताळू नये. नळीत काडतूस आहे असेच समजावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना हत्यार व काडतुसे बाळगणे गुन्हा आहे आणि बाळगण्याचा हक्क संपलेले हत्यार विनाविलंब ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. “पोलिसांचे झेंगट कशाला?” या भीतीने अनेक जण ते पुन्हा माळ्यावर ठेवतात. आपण होऊन कळविण्यात कमीपणा नाही; लपविण्यात मात्र दुहेरी धोका आहे.

फुलदाणी म्हणून मिरविणारे पितळी नळकांडेही एकदा जाणत्याला दुरूनच दाखवावे. पदके, छायाचित्रे, पत्रे मात्र जरूर जपावीत. आजोबा ज्या आगीतून सुखरूप परत आले, तिची ठिणगी नातवंडांच्या हाती लागावी, असे त्यांच्याही मनात कधी आले नसते. यंदा माळा झाडताना, वाचकहो, एवढे ध्यानात असू द्यावे.