वामन मल्हार जोशी : जीवन आणि कादंबरी

राजपुरीची खाडी जंजिऱ्याजवळून आत शिरते आणि मांदाडच्या दिशेने जाते. या खाडीच्या परिसरात कुडे येथील प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथून जवळच तळगडाच्या पायथ्याशी तळे, म्हणजे आजचे तळा, हे गाव वसले आहे. मराठी कादंबरीला तत्त्वचिंतनाची जोड देणारे वामन मल्हार जोशी यांचा जन्म २१ जानेवारी १८८२ रोजी येथेच झाला. त्या वेळचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड या नावाने ओळखला जातो.

लेखकाच्या साहित्यात त्याची जन्मभूमी शोधण्याची वाचकांना सवय असते. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांत दापोलीकडचा निसर्ग व माणसे भेटतात, र. वा. दिघे यांच्या कादंबऱ्यांत शेतकऱ्याचे जीवन उभे राहते. वामनरावांच्या कादंबऱ्यांत मात्र खाडीला किंवा गडाला असे मध्यवर्ती स्थान नाही. मग त्यांचे जीवन त्यांच्या साहित्यात उतरले ते कोणत्या रूपाने?

तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम. ए. झाल्यावर वामनराव कोल्हापूरच्या समर्थ विद्यालयात अध्यापनासाठी गेले. सरकारी नोकरीऐवजी राष्ट्रीय शिक्षणाचा खडतर मार्ग त्यांनी पत्करला होता. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात १९०८ मध्ये श्री. दा. सातवळेकर यांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख प्रसिद्ध झाला. त्यावरून राजद्रोहाचा खटला होऊन विजापूरकरांबरोबर वामनरावांनाही तीन वर्षांची सक्तमजुरी भोगावी लागली.

असा अनुभव घेतलेल्या लेखकाकडून तुरुंगवासाची कहाणी अपेक्षिली जाणे स्वाभाविक होते. परंतु १९१५ मध्ये त्यांची ‘रागिणी’ पुस्तकरूपाने आली, ती स्त्रीच्या जीवनाविषयी, धर्माविषयी आणि नीतीविषयी प्रश्न विचारीत. ‘काव्यशास्त्रविनोद’ हे तिचे पर्यायी नाव होते. कथानकाइतकाच चर्चेलाही या कादंबरीत मान आहे. निष्ठेचे मोल स्वतः चुकविलेल्या माणसाने दुसऱ्याची निष्ठाही समजून घ्यावी, ही वृत्ती तिच्यातील वादविवादांतून दिसते. पात्रे परस्परविरोधी मते मांडतात आणि लेखक कोणत्याही पक्षाची टवाळी करीत नाही.

महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. हिंगणे येथील त्याच्या महाविद्यालयात वामनराव प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले. येथे कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘रागिणी’ विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीची आहे. म्हणजे स्त्रीशिक्षणाच्या कार्यामुळे त्यांना स्त्रीजीवनाचे प्रश्न सुचले, असे सरळ म्हणता येत नाही. प्रश्न आधी मनात होते, कादंबरीत ते मांडले गेले आणि मग जीवनाने त्याच दिशेने वळण घेतले. जीवन साहित्य घडविते, तसे लेखकाचे साहित्य त्याच्या पुढील जीवनाची चाहूलही देते.

अध्यापनाच्या दीर्घ अनुभवानंतर ‘सुशीलेचा देव’ (१९३०) ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात एका स्त्रीच्या ईश्वरविषयक कल्पनेचा विकास दाखविला आहे. पुढे आलेल्या ‘इंदु काळे व सरला भोळे’ या कादंबरीत त्यांनी पत्रांची रचना स्वीकारली आणि कला व नीती यांच्या संबंधाचा विचार केला. पत्रात प्रत्येक व्यक्ती आपल्याच शब्दांत आपली बाजू मांडते. दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणारा शिक्षक या रचनेच्या निवडीमागे जाणवतो. ‘रागिणी’तील स्त्रिया चर्चेचा विषयही होत्या, येथे त्या स्वतः लेखणी हाती घेतात.

मडगाव येथे १९३० मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनरावांना लाभले. २० जुलै १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

कादंबरीत लेखकाच्या चरित्रातील घटना शोधू गेल्यास वामनराव हाती लागत नाहीत. त्यांना तुरुंग घडला, पण त्यांनी तुरुंगाची कथा रचली नाही. त्यांनी आयुष्यभर शिकविले, पण कादंबरीला धड्याचे रूप येऊ दिले नाही. जे प्रश्न त्यांना जगताना पडले, तेच त्यांनी आपल्या पात्रांना दिले आणि उत्तर शोधण्याचे स्वातंत्र्य वाचकाकडे सोपविले. तळ्याच्या या सुपुत्राचे चरित्र त्यांच्या कादंबऱ्यांत आहे ते या प्रश्नांच्या रूपाने.