दडपण गेलं नव्हतंच

23 जुलै 2017. लॉर्ड्सवर महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 229 धावा हव्या होत्या आणि भारत 3 बाद 191 वर होता. पुढच्या 28 धावांत सात गडी गेले, नऊ धावांनी हार. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा नऊ धावांनी, तर 2023 मध्ये केपटाउनला टी-20 विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पाच धावांनी. तिथे 52 धावांवर कर्णधार हरमनप्रीत कौरची बॅट जमिनीत अडकली आणि ती धावचीत झाली. ‘मोक्याच्या क्षणी मुली कच खातात’ हे निदान मग कायमचंच चिकटलं. मला ते आळशीपणाचं वाटतं. फटका हातात मुरलेला असतो. दडपणाखाली खेळाडू त्याचा विचार करू लागतो आणि सहज होणारी गोष्ट अडखळते. हा स्वभावदोष नव्हे. असे प्रसंग वारंवार वाट्याला आले की त्यांचा धाक कमी होतो आणि 2017 च्या संघाला ते फारसे मिळालेच नव्हते. महिला प्रीमियर लीग सुरू व्हायलाच 2023 उजाडलं.

कोणी म्हणेल, 2025 चा विश्वचषक घरच्या मैदानावर मिळाला आणि नशिबानेही हात दिला. दोन्ही खरं. नवी मुंबईतल्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्सचे झेल सुटले. पण घरचंच मैदान असताना त्याआधी साखळीत सलग तीन सामने गेले होते. इंदूरला इंग्लंडविरुद्ध स्मृती मानधना 88 वर बाद झाली आणि हाताशी गडी असूनही चार धावा कमी पडल्या, जुनीच गोष्ट. त्या सामन्यातून वगळलेली जेमिमा अकरा दिवसांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 करून गेली आणि 339 चं लक्ष्य पार झालं. या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडत होतो, चिंतेने ग्रासलो होतो, हे तिने नंतर सर्वांसमोर सांगितलं. सहकाऱ्यांनी कसं सांभाळलं तेही. म्हणजे भीती होतीच. ती लपवण्यात शक्ती खर्च करावी लागली नाही, हा फरक. अमोल मुझुमदार यांच्या प्रशिक्षणाचं श्रेय मोजताना डावपेचांइतकंच हेही मोजायला हवं. एका विजयाने सिद्धांत सिद्ध होत नाही, हा आक्षेप मान्य. पण कणखर माणूस घडवायचा म्हणजे त्याला गप्प बसवायचं, या आपल्या मैदानांवरच्या जुन्या समजाला या स्पर्धेने आधार दिला नाही. 2 नोव्हेंबरला अंतिम सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं. त्या सामन्यात 87 धावा करून दोन बळीही घेणारी शफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच; जखमी प्रतिका रावलच्या जागी तिला ऐनवेळी बोलावलं होतं.