हद्दीचा दगड आणि आकाशातले उपग्रह

हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. 10 एप्रिल 1802 रोजी या माणसाने मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थानची मोजणी उत्तरेकडे सरकवत आणली. सोबतीला अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट. 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर त्याने देह ठेवला, तेव्हा काम बरेच बाकी होते.

आज त्रिकोणांची जागा उपग्रहांनी घेतली आहे, आणि त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात 77 ‘कॉर्स’ केंद्रे, म्हणजे अखंड चालणारी संदर्भ-केंद्रे, उभारली आहेत. पक्क्या पायावरचा अँटेना, त्याला जोडलेला रिसीव्हर आणि इंटरनेट, एवढाच संसार. पण केंद्राची जागा काटेकोर ठाऊक असते, आणि सगळी किमया तिथेच आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणारा संदेश वातावरणात रेंगाळतो, म्हणून मोबाइलचे जीपीएस काही मीटर चुकते. केंद्र मात्र उपग्रहांनी सांगितलेली जागा आपल्या खऱ्या जागेशी ताडून पाहते, चूक काढते आणि ती दुरुस्ती शेतातल्या रोव्हरला, म्हणजे काठीवर बसवलेल्या फिरत्या रिसीव्हरला, तत्काळ कळवते.

भूकरमापक बांधाच्या कोपऱ्यावर रोव्हरची काठी टेकवतो, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणतो आणि टॅबकडे पाहत थांबतो. ‘फ्लोट’ दिसत असेल तर वाट पाहायची. ‘फिक्स’ आले की बिंदू काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने नोंदवायचा. डोक्यावर दाट आंबा असेल किंवा मोबाइलला रेंज नसेल, तर ‘फिक्स’ येता येत नाही. कोकणातल्या घळीत आजही टोटल स्टेशन हे दुर्बिणीचे मोजणीयंत्र काढावे लागते, ते यामुळेच.

खरी अडचण मात्र यंत्रात नाही, दप्तरात आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 मध्ये इंदापूर तालुक्यातून घडवायला घेतलेल्या मुंबई पद्धतीत 33 फुटी साखळी होती, तिचे सोळा भाग, म्हणजे आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. त्या साखळीने लिहिलेली टिपणे, नंतरच्या फाळण्या आणि जीर्ण नकाशे यांवरच आजची हद्द कायम होते. रोव्हर बिंदू कुठे आहे ते सांगतो; तो कुणाच्या गटात पडतो, हे सांगणे त्याचे काम नव्हे. जुना नकाशा अक्षांश-रेखांशांवर नीट बसवला नाही, तर भावकीतले भांडण उलट अधिक अचूक आकड्यांनी लढले जाईल. म्हणून केंद्रांइतकाच खर्च आणि त्याहून अधिक जाणती माणसे या जुळवणीवर लावली पाहिजेत.

आणखी एक गोष्ट: भारताचा भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. वीस वर्षांत हे अंतर मीटरभर होते. शेजाऱ्यांमधला बांध त्याने बदलत नाही, पण आकड्यांसोबत संदर्भवर्ष नसेल तर पुढच्या पिढीचा घोळ ठरलेला.

तेव्हा मोजणी झाल्यावर नकाशाची ‘क’ प्रत हातात घेताना फक्त क्षेत्र पाहून घडी घालू नका. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश त्यावर आहेत का ते पाहा. नसतील तर तिथेच मागून घ्या.