टीव्ही बिघडला की पिन ढिली?
गटाच्या बैठकीत सीडी लावली आणि पडद्यावर आलं ‘नो सिग्नल’. मेकॅनिक आला, पिवळी पिन दाबली नि दोनशे रुपये घेऊन गेला! अहो, ही अक्षरं दिसतात म्हणजे टीव्ही चालू आहे. त्याला प्लेअरकडून चित्र मिळत नाही, एवढंच.

आधी रिमोटवरचं सोर्स बटण दाबून ‘एव्ही’ निवडा. नाहीच आलं, तर दोन्हींची बटणं बंद करून मागे बघा. पिवळी पिन चित्राची. पांढरी नि लाल आवाजाची. चित्र आहे, आवाज नाही? पांढरी-लाल तपासा. चित्र नाही, नुसती घरघर? पिवळी आवाजाच्या भोकात गेली असेल. प्लेअरच्या बाजूची टोकंही दाबा, तिकडे कुणी बघतच नाही. जळका वास आला तर मात्र मेकॅनिकच बोलवा.