उत्पत्तीचे सहा दिवस आणि नागपूरचे दगड

नागपुरातील हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने १८८३ मध्ये सुरू झाले, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप धर्मप्रचारक होते, हे अनेकांना ठाऊक असते. ते भूगर्भशास्त्रज्ञही होते, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. स्कॉटलंडमधील फ्री चर्चने पाठविलेला हा तरुण १८४५ च्या प्रारंभी नागपुरात आला. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. पुढील अठरा वर्षे त्याने बायबल शिकविले, शाळा चालविली आणि जमेल तेव्हा हातोडा घेऊन आसपासच्या टेकड्या व नाले पालथे घातले. बायबलच्या पहिल्याच पानावर सहा दिवसांत सृष्टी निर्माण झाल्याचे वर्णन आहे. ते पान पवित्र मानणाऱ्या माणसाच्या हाती जमिनीतून वेगळीच साक्ष येत होती. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय वाचताना आजही जे प्रश्न पडतात, ते समजून घेण्यासाठी या माणसाइतके योग्य उदाहरण नागपुरात दुसरे नाही.

मुळात त्या दोन अध्यायांत कथा एक नाही, दोन आहेत. पहिल्या अध्यायात देव केवळ शब्दाने निर्मिती करतो. पहिल्या दिवशी प्रकाश, तिसऱ्या दिवशी जमीन व वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र आणि तारे, पाचव्या दिवशी जलचर व पक्षी, सहाव्या दिवशी जनावरे आणि शेवटी स्त्री-पुरुष एकत्रच. दुसऱ्या अध्यायात क्रम बदलतो. तेथे शेतात झुडूपही उगवलेले नसताना मातीपासून पुरुष घडविला जातो, मग बाग, मग पशुपक्षी आणि सर्वांत शेवटी स्त्री. मराठी बायबल वाचणाऱ्यालाही हा सांधा दिसतो, कारण पहिल्या कथेत ‘देव’ असलेला निर्माता दुसऱ्या कथेत ‘परमेश्वर देव’ होतो. हिब्रू मूळ ग्रंथातील हाच नामभेद पाहून फ्रान्समधील झां आस्त्रुक या वैद्याने १७५३ मध्ये येथे दोन वेगळे आधार एकत्र आले असावेत, असे अनुमान मांडले. पुढे बायबलच्या चिकित्सक अभ्यासाचा बराचसा डोलारा त्यावर उभा राहिला.

चौथ्या दिवशी सूर्य, तर पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी झाली? हा प्रश्न शाळकरी मुलालाही सुचतो आणि तो पोरकट मुळीच नाही. अनेक अभ्यासकांच्या मते हा अध्याय यहुदी लोक बाबिलोनच्या बंदिवासात असताना किंवा त्यानंतर रचला गेला. बाबिलोनमध्ये सूर्य आणि चंद्र ही दैवते होती. उत्पत्तीच्या लेखकाने त्यांची नावेदेखील घेतली नाहीत. ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढ्यावरच त्यांची बोळवण करून त्यांना चौथ्या दिवसावर ढकलले. म्हणजे ज्याला आपण खगोलशास्त्रातील चूक समजतो, ती कदाचित जेत्यांच्या देवांना दिलेली चपराक असेल.

तथापि, हिस्लॉप यांच्या काळातील सामान्य भाविक असे वाचन करीत नव्हता. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधील वंशावळींवरून सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ मध्ये झाल्याचे गणित मांडले होते आणि ते वर्ष इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाई. जमिनीतील पुरावा जुना दिसू लागला, तशा तडजोडी निघाल्या. फ्री चर्चचे अग्रणी थॉमस चाल्मर्स यांनी पहिले वाक्य आणि सहा दिवस यांच्यामध्ये अमर्याद काळ गेला असावा, असे मानले. त्याच चर्चचे भूगर्भशास्त्रज्ञ ह्यू मिलर यांनी प्रत्येक ‘दिवस’ म्हणजे एक युग असे सुचविले. हिस्लॉप याच परंपरेत वाढले होते, त्यामुळे हातोडा उचलताना त्यांना श्रद्धा खुंटीला टांगावी लागली नसणार.

त्यांनी आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज शहरात सामावलेल्या टाकळीला त्यांना लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. याचा अर्थ स्पष्ट होता. लाव्हा आला, निवला, त्यावर तळी साचली, त्यांत पिढ्यान् पिढ्या जीव जगले, मेले आणि मग पुन्हा लाव्हा आला. हे समजायला कोणतीही दिनदर्शिका लागत नाही. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे पुढच्या शतकातील विज्ञानाने सांगितले. सिलेवाडा-कामठीकडील वालुकाश्मातील पानांचे ठसे तर त्याहूनही कितीतरी जुने. अनेकांनी तडजोडी करून पाहिल्या, पण क्रम काही जुळत नाही. समुद्रातील जीव जमिनीवरील झाडांहून आधीचे आणि सरपटणारे प्राणी पक्ष्यांच्या आधीचे. दिवसाला युग म्हणूनही ही अडचण सुटत नाही.

कामठी-सिलेवाडा हा पट्टा पुढे दगडी कोळशासाठी प्रसिद्ध झाला. येथे उत्पत्तीचा आणखी एक प्रश्न नागपूरकरांच्या अंगणात येतो. पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वी काबीज करण्याची आणि सर्व प्राण्यांवर सत्ता चालविण्याची मुभा मिळते. दुसऱ्यात त्याला बागेत ठेवले जाते, ते मशागत आणि राखण करण्यासाठी. मालक की राखणदार? वयाविषयीच्या वादापेक्षा हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख ज्यांच्या शेतावर उडते, त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

याच नागपुरात १९५६ मध्ये धम्मदीक्षा देणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुळावरच बोट ठेवले. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ईश्वराने सृष्टी कशापासून निर्मिली, असा प्रश्न आहे. कशापासून तरी निर्मिली असेल, तर ते ‘काहीतरी’ ईश्वराने निर्मिण्यापूर्वीच होते. उत्पत्तीच्या दुसऱ्याच वाक्यात अंधार आणि अथांग पाणी आधीपासून आहे. ते कोणी केले, यावर तेथे मौन आहे.

हिस्लॉप यांचे दुसरे काम तितकेच थक्क करणारे. एका परधानाच्या तोंडून त्यांनी गोंडांची मूळकथा उतरवून घेतली. महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो मुक्त करतो आणि त्यांना जगण्याची रीत शिकवितो, अशी ती गाथा. एक निर्मितीकथा शिकवायला आलेल्या माणसाने दुसऱ्यांची कथा इतक्या काळजीने टिपावी, याचे मोल कमी नाही.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहायला गेले होते. ती उभारणाऱ्या लोकांनी थडगी मागे ठेवली, आपल्या आरंभाची कथा मात्र ठेवली नाही. परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात लिंगोचे गाणे मूळ गोंडी शब्दांसह आहे. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसाजवळची कचारगड गुहा हीच ती गुहा, अशी गोंड समाजाची श्रद्धा असून दरवर्षी माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात.