कळप राखणाऱ्या कुत्र्याची तब्येत सांभाळा 🐕

किन्हीराजाच्या (ता. मालेगाव, जि. वाशिम) मेंढपाळ आणि पशुपालक भावांनो, कळपासोबतच्या कुत्र्यांचे हे आजार आणि धोके लक्षात ठेवा:

🔸 गोचीड ताप: ताप, पांढुरक्या हिरड्या, लालसर लघवी किंवा नाकातून रक्त दिसलं की लगेच दवाखाना. कान आणि पायांची बोटं रोज तपासा.

🔸 टेपवर्म: मेंढीचं कच्चं काळीज, फुप्फुस खाऊ घालू नका. त्यातल्या पाणगाठींतून कुत्र्याच्या आतड्यात जंत वाढतात. विष्ठेतून पडलेली अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात आणि फुप्फुसात गाठी होतात. डॉक्टरांना विचारून कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे जंतनाशक द्या.

🔸 मेंढ्यांचं जंतनाशक: अंदाजानं कुत्र्याला पाजू नका. परदेशी कोली जातीत तर एका जनुकीय दोषामुळे त्यातलं आयव्हरमेक्टिन जिवावर बेतू शकतं.

🔸 रेबीज: लस तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

🔸 पार्वो, डिस्टेंपर: पिल्लांचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करा.

रात्रभर कळप राखणाऱ्या जिवाचं एवढं तरी आपण करायलाच हवं. ही माहिती तुमच्या ओळखीच्या मेंढपाळांपर्यंत पोचवा. 🙏