माशाला मासा लावताना

'आमिष' हा शब्द वर्तमानपत्रात रोज भेटतो. नोकरीचे आमिष, लग्नाचे आमिष, निवडणुकीत पैशाचे आणि दारूचे आमिष. या बातम्यांत मासा कोठेच नसतो. वस्तुतः संस्कृतात आमिष म्हणजे मांस. मांस लावून शिकार पकडतात म्हणून भुलविण्याच्या वस्तूला तोच शब्द लागला, आणि मांस नसलेले ते 'निरामिष' झाले. एकाच शब्दात जेवण, लोभ आणि सोवळे अशा तिन्ही गोष्टी येऊन बसल्या आहेत. पालीतही हा शब्द आहे. संयुत्त निकायात लाभ, सत्कार आणि कीर्ती यांना आमिष लावलेल्या गळाची उपमा दिलेली आहे. मज्झिम निकायातील धम्मदायाद सुत्तात बुद्ध भिक्खूंना आमिषाचे वारस न होता धम्माचे वारस होण्यास सांगतात. ही उपमा ज्या समाजात समजली, तेथे खोल डोहाकाठी गळ टाकून बसणारा माणूस ओळखीचा असला पाहिजे.

उपमा सोडून मी आता त्या माणसाच्या हातातील गळाबद्दल लिहितो. कारण या कामात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या चळवळीतल्या माणसांनी टाळलेला मी पाहिला आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. विणाई खाते त्यांच्या आधीच्या पिढीला बंदच होते. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. गाव महाड तालुक्यात, सावित्रीच्या काठाला. मे महिन्यात गिरणीची रजा घेऊन गावी गेले की पहिला पाऊस पडेपर्यंत ते रेंगाळत. कारण वलगण. पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांच्या बांधांतून वर चढतात, त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात, इतरत्र चढणीचे मासे. त्या दिवसांत गळाची गरज नसते. टोपली, धोतर, नुसते हात, काहीही चालते. गळ लागतो तो पाणी उतरल्यावर, डोहातल्या मोठ्या माशाला.

मोठा मासा म्हणजे बहुधा मरळ, शिंगाळा किंवा वाम. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सर्व मासे मासा खात नाहीत. कटला पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ आणि पाणवनस्पती शोधतो, मृगळ तळातला गाळ उकरतो. यांना कणकेची किंवा पावाची गोळी लावतात. त्यांच्यापुढे मासोळी लोंबवणे म्हणजे वारकऱ्यापुढे मटण ठेवण्यासारखे. मरळ मात्र शिकारी आहे. ती पाणवनस्पतींच्या कडेला निश्चल पडून राहते आणि जवळून हलणाऱ्या जिवावर झडप घालते. ती वर येऊन हवाही घेते. म्हणून आटत्या चिखलपाण्यातही जगते आणि बाजारात टोपलीत तासन्‌तास जिवंत दिसते.

मरळीसाठी जिवंत आमिषाला तोड नाही, असे सर्व जाणते सांगतात. त्याचे कारण शरीररचनेत आहे. माशाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्यातील सूक्ष्म इंद्रिये पाण्याचे हेलकावे टिपतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा, तेथे ही रेषा काम करते. जखमी मासोळीची धडपड निरोगी मासोळीच्या पोहण्याहून वेगळी असते, आणि शिकारी माशाला हा फरक कळतो. म्हणून आधी बोटाएवढी मासोळी फडक्याने धरायची, डबड्यात पाणी बदलत जिवंत ठेवायची, मग ओठातून किंवा पाठीच्या कल्ल्याखालून, मणक्याला धक्का न लावता गळ ओवायचा. मणका तुटला तर मासोळी मरते आणि आमिष वाया जाते. थोडक्यात, तिला इतपतच इजा करायची की ती जगेल आणि तडफडेल. आजा हे मला हातात मासोळी धरून शिकवीत असे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन.

दोर ओढला गेला तरी लगेच हिसका द्यायचा नाही, हेही त्यानेच शिकवले. शिकारी मासा भक्ष्य तोंडात आडवे धरतो, मग फिरवून बहुधा डोक्याकडून गिळतो, म्हणजे काटे मिटतात. तेवढा वेळ दिला नाही तर आमिषही जाते आणि मासाही.

शिंगाळा आणि वाम यांचे गणित निराळे. शिंगाळ्याला लांब मिशा असतात आणि तो तळाशी, बहुतेक अंधारात, वास आणि चव यांवर शोध घेतो. वामही रात्रीचा मासा. तेथे तडफड लागत नाही. मेलेल्या मासोळीचा कापलेला तुकडा, रक्त पाण्यात उतरेल असा, शिशाचे वजन लावून तळाशी सोडला की काम होते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा वरळीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी गळ टाकून बसलेले लोक कोळंबीचा वा मासळीचा तुकडा लावतात, तो याच जातीचा उपाय, फक्त पाणी खारे.

गिरणगावात गोडे पाणी कोठून, असे आजचा विद्यार्थी विचारील. गोवालिया टँक, धोबीतलाव, दोन टाकी ही नावे उगाच पडलेली नाहीत. हिवतापाच्या भीतीने मुंबईतली बरीच तळी आणि विहिरी बुजल्या. 1911 सालच्या बेंटलीच्या अहवालाने त्याला जोर दिला. ज्या विहिरी राहिल्या त्यांत डासांची अंडी-अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडले गेले. गिरण्यांना यंत्रांसाठी पाणी लागे, म्हणून आवारात तळी असत. आमच्या चाळीजवळच्या तळ्यात रविवारी वडील आणि त्यांचे सोबती गळ टाकीत, आणि निम्मा वाटा पहारेकऱ्याला जाई. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा ते फाटकही बंद झाले. मग उरला पवई. 1891 साली मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव पिण्याच्या कामी फारसा आला नाही. तेथे हौशी लोकांची गळाची मासेमारी चालते. पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की सांडव्यावर गर्दी लोटते आणि हातांनी मासे पकडले जातात. शहरातली वलगण ती हीच.

माझा प्रश्न आता मांडतो. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात एका तरुणीने विचारले, जिवंत मासोळीला गळ टोचणे तुम्हाला बरे वाटते का? सभागृहातून लगेच उत्तर आले की हा निरामिषवाल्यांचा कावा आहे. या उत्तरामागचा राग मला कळतो. गिरगावात आणि वाळकेश्वरला मासे खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत. आहाराच्या आडून जात विचारली जाते. ज्यांनी 1927 साली महाडला माणसांनी पाण्याला हात लावला म्हणून तळे 'शुद्ध' करून घेतले, त्यांच्या तोंडी भूतदया शोभत नाही. पण प्रश्न त्या तरुणीचा होता, सोसायटीच्या चिटणिसाचा नव्हता. खोट्या तोंडातून आलेला प्रश्न खऱ्या तोंडातूनही येऊ शकतो.

आणि त्याला आता शास्त्राचा आधार आहे. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचून पाहिले. माशांनी खाणे टाकले, ते अंग डोलवू लागले, आणि ॲसिड टोचलेले मासे ओठ खडीवर घासू लागले. त्याला वेदना म्हणावे की नाही यावर वाद चालू आहे, पण माशाला काही कळत नाही ही जुनी समजूत त्यानंतर सहज मांडता येत नाही. जर्मनीत आणि नॉर्वेत जिवंत माशाचे आमिष लावायला मनाई आहे. आपल्याकडे 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मनुष्य सोडून प्रत्येक जीव 'प्राणी' आहे, आणि कलम 11 मध्ये केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून बांधून ठेवणे हा अपराध ठरविला आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाघासाठी बांधलेले जनावर होते, मासोळी बहुधा नव्हती. तरी 'केवळ करमणुकीसाठी' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. रात्रीच्या कालवणासाठी गळ टाकणारा आणि मासा पकडून, फोटो काढून पुन्हा सोडणारा यांच्यात फरक करायला ते शब्द शिकवतात. माझ्या मते दुसऱ्याने जिवंत आमिष लावण्याला काहीच समर्थन नाही. पहिल्याच्या बाबतीत मी इतका ठाम नाही.

आणखी एक कारण आहे, ते दयेचे नसून पाण्याचे. एका ओढ्यातून पकडलेल्या मासोळ्या दुसऱ्या तळ्याकाठी नेल्या, आणि उरलेल्या तेथेच ओतून दिल्या की नको तो मासा आणि नको तो रोग त्या तळ्यात शिरतो. 1952 साली भारतात आणलेली चिलापी आज किती पाण्यांत आहे पाहा. आफ्रिकन मांगूरवर 2000 साली केंद्र सरकारने बंदी घातली, तरी तो संपला नाही. अशा माशाची पिल्ले डबड्यातून नेणे म्हणजे दुसऱ्याच्या तळ्यात चोर सोडणे. तळ्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांचे नुकसान पहिले होते.

पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या तांबूस पिल्लांच्या थव्यावर राखण करते. त्या वेळी थव्याजवळ काहीही हलले तरी ती अंगावर येते, म्हणून तेव्हा ती फार सोपी सापडते. ती गेली की थवा इतर मासे फस्त करतात. आजा त्या दिवसांत मरळीला गरी टाकीत नसे. मासोळीला गळ ओवताना मात्र त्याचा हात कधी थांबलेला मी पाहिला नाही.

मी अलीकडे मेलेल्या मासोळीचा तुकडा लावतो. शिंगाळा लागतो, वाम लागते. मरळ क्वचितच लागते. गावचे चुलतभाऊ हसतात, आणि घरी नेताना त्यांच्या टोपलीतली एक मरळ माझ्या पिशवीत टाकतात. ती मी घेतो.